वाईटपणा कोण घेणार?

मृत्युपत्राचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : "आमच्यात तसलं काही नाही." भांडणं नाहीत, मुलं समजूतदार आहेत, आणि हयातीत वाटणीच्या गोष्टी करणं अभद्र, असं सगळं त्या एका वाक्यात येतं. समोरचा माणूस मग पुढे बोलत नाही. मला वाटतं, यातल्या बहुतेक कुटुंबप्रमुखांना भांडणापेक्षा वाईटपणाची धास्ती जास्त असते. कुणाला काय आणि का, हे आपल्या तोंडाने सांगितलं की कुणीतरी नाराज होणार. ती नाराजी स्वतः न झेलता ते तेराव्यानंतर मुलांनी एकमेकांची झेलावी अशी सोय करून जातात.

मुलं समजूतदार असतीलही. पण वारस म्हणजे फक्त मुलं नव्हेत. समजा, डोंबिवलीतला बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ अचानक गेला. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, हप्ते मात्र नवरा-बायको दोघांच्या पगारातून गेलेले. मागे बायको, दोन मुलं आणि आई. मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघांना सारखा हिस्सा, म्हणजे सासूबाईंचा चौथा हिस्सा. इथवर कुणाची तक्रार नसते, आई आहे, तिला मिळायलाच हवं. पुढे सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे नातवंडांबरोबर दीर आणि नणंद त्या फ्लॅटचे हिस्सेदार होतात. कुणीही लबाडी केलेली नाही, कुणी वाईट वागलेलं नाही. तरीही दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर नणंदेच्या सहीवाचून व्यवहार अडतो, आणि मग नणंदेच्या नवऱ्याला अचानक कायदा कळायला लागतो.

"पण नॉमिनी लावलाय ना!" हे उत्तर तर बँकेच्या काउंटरवर आणि सोसायटीच्या सभेत रोज ऐकू येतं. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे पैसे किंवा मालमत्ता हाती घेणारा माणूस, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या राज्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने नॉमिनीला वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरतं सभासदत्व ठेवलं. विम्यात जोडीदार, आईवडील, मुलं यांना २०१५ पासून वेगळं संरक्षण आहे, एवढा अपवाद. तरीही थोरल्या मुलाचं नाव फॉर्मवर टाकून "घर त्याचंच" असं समजणारे वडील आहेत, आणि तसंच समजणारा थोरला तर प्रत्येक इमारतीत आहे.

गावाकडे याच गैरसमजाचं नाव सातबारा. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणजे मालकी ठरली असं लोक धरून चालतात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने हक्क जन्मत नाही आणि मरतही नाही. अनेक सातबाऱ्यांवर अजून पणजोबांचं नाव आहे. कुठे नावं चढली तर वीस-बावीस, सगळ्यांचं क्षेत्र सामाईक, त्यांतले चार मयत, दोघं पुण्याला, एक दुबईला. कसणारा एकटाच. त्याला बांधावर विहीर काढायची असो की बँकेचं कर्ज, बाकीच्यांच्या संमतीपत्रांसाठी फिरावं लागतं. आणि भूसंपादनाची नोटीस आली की ज्यांनी कधी शेताचा रस्ता पाहिला नाही तेही मोबदल्याला हजर.

मुलींचं तर विचारूच नका. "तिच्या लग्नात दिलं की सगळं" हा युक्तिवाद इतक्या निर्मळ चेहऱ्याने केला जातो की खोडायला संकोच वाटावा. पण लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार केलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हे देशभर सगळ्याच मुलींना लागू झालं, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. बहिणीने विचार करून, राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण उत्तरकार्याच्या गडबडीत, "ताई, इथे एक सही कर, तलाठी थांबलाय" म्हणून घेतलेली सही राजीखुशीची म्हणणं हा निव्वळ कावा आहे.

आणि बायकांच्या स्वतःच्या कमाईचं काय? नोकरी करणाऱ्या, स्वतःचं घर घेतलेल्या बायकाही मृत्युपत्र करत नाहीत. "माझं असं काय आहे?" म्हणतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण त्यांनी जरूर माहीत करून घ्यावं. लग्नानंतर तीनच महिन्यांत त्या बाईचा नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. माहेरी शिकली, नोकरीला लागली, बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत पैसे साठवले. मूल नव्हतं. ती मृत्युपत्र न करता गेली, तेव्हा तिच्या आईनेही दावा केला आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही. पैसे मिळाले त्या भाच्यांना. कारण नवरा आणि मुलं नसतील तर हिंदू स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत नवऱ्याचे वारस आधी आणि आईवडील नंतर, असा क्रम कायद्यातच आहे. सहानुभूतीने तो बदलत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तो क्रम चुकीचा आहे असं माझंही मत आहे. पण तो बदलेपर्यंत दोन साक्षीदार आणि एक कागद एवढाच उपाय त्या बाईच्या हातात होता.

काहीजण दुसऱ्या टोकाला जातात : कटकट नको, आत्ताच सगळं मुलाच्या नावावर करून टाकू. "नटसम्राट" पाहताना डोळे पुसणारे प्रेक्षकच पुढे बक्षीसपत्र करताना दिसतात, याचं मला कायम नवल वाटतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मागता येते. पण बक्षीसपत्रात ती अट लिहायची कुणाच्या लक्षात राहते? मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, आपल्या पश्चातच लागू होतं आणि त्याला मुद्रांक शुल्क नाही.

आता सगळ्यात दमदार आक्षेप : मृत्युपत्रांवरूनही खटले चालतात. खरं आहे. पण ती मृत्युपत्रं कशी असतात ते बघा. इस्पितळात, ज्याला सगळं मिळणार त्यानेच वकील आणलेला, त्याच्याच मित्रांच्या साक्षी, आणि बाकीच्या भावंडांना पत्ता नाही. कोर्टाला संशय येणारच. शिवाय आपल्या हिश्श्यापुरतं न थांबता अख्खी वडिलोपार्जित जमीन वाटून टाकणारेही थोडे नाहीत. जे आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. (गोव्यात तर मुलं असतील तर निम्म्याच मालमत्तेपुरतं मृत्युपत्र चालतं, हे मुंबईत राहून पणजीचं घर वाटणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

म्हणून मृत्युपत्र धडधाकट असताना करावं. साध्या कागदावर चालतं. सही करताना पाहणारे दोन साक्षीदार हवेत, शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे आणि वयाने आपल्यापेक्षा लहान. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. गट नंबर, फ्लॅट नंबर, खाती स्पष्ट लिहावीत. बायकोने त्या घरात हयातभर राहायचं असेल तर तेही लिहावं, नुसतं "मुलं बघतील" यावर सोडू नये. एखाद्याला कमी दिलं असेल तर कारण एका वाक्यात द्यावं. आणि हे सगळं मुलामुलींना समोर बसवून वाचून दाखवावं. जो काय वाईटपणा यायचा तो आपल्याच वाट्याला, आपण उत्तर द्यायला हयात असताना येऊ द्यावा.

विषय काढायचा कसा, हा प्रश्न मुलांना पडतो, कारण "बाबा, मृत्युपत्र केलंत का?" म्हटलं की "माझ्या मरणाची वाट बघतोयस का?" हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा सरळ विचारावं : बाबा, घराचं मूळ खरेदीखत कुठल्या कपाटात आहे, आणि त्यावर आईचं नाव आहे का?