भुताच्या रंगाचा मासा

दोस्तांनो, गळ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? काठी, दोरा आणि टोकाला वळवळणारं गांडूळ! पण काहीजण गांडुळाऐवजी प्लास्टिकचा खोटा मासा लावतात. सांगा पाहू, त्याचा रंग कोणता असावा?

'लालभडक!' म्हणालात ना? गढूळ पाण्यात भडक रंग चालेलही. पण नितळ पाण्यात मासा लांबूनच बघतो, थबकतो, निरखतो. जरा शंका आली की शेपटी फिरवून पसार!

मग युक्ती काय? ती शिकवली खऱ्या माशांनीच. जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर म्हणजे बिवा. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. तिथल्या 'आयू' माशाची पिल्लं इतकी आरपार दिसतात, की लोक त्यांना 'हिउओ', म्हणजे 'बर्फमासा' म्हणतात. त्यांच्या अंगातून उजेड पलीकडे जातो. उठून दिसतो तो फक्त डोळ्याचा काळा ठिपका.

खोटा मासा बनवणारे हीच नक्कल करतात. अंग अर्धपारदर्शक, पाठीवर फिकट हिरवट छटा, पोटाला किंचित चंदेरी झाक आणि एक ठळक डोळा. बस्स! अशा रंगांना ते 'घोस्ट' म्हणजे भूत म्हणतात.

घरी करून पाहा. कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी आणि एक रंगीत पेन्सिल पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवा. पट्टी पुसट होते, पेन्सिल मात्र तशीच उठून दिसते. असं का? हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि अशा प्लास्टिकचा साधारण १.५. हवेपेक्षा पाण्यात हा फरक कमी, म्हणून प्रकाश कमी वळतो, कडा कमी चमकतात. शिवाय खालून वर पाहणाऱ्या माशाला रंगवलेलं आमिष म्हणजे उजेडातला काळा ठोकळाच वाटतो!

आता गंमत ऐका. १९२५ साली अमेरिकेतून जपानमध्ये बास मासा आणला गेला. पुढे तो बिवातही पसरला आणि तिथल्या माशांवर ताव मारू लागला. म्हणून २००३ पासून तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. या बाससाठीही तोच भुताचा रंग वापरतात, बरं का! पिल्लांनी जीव वाचवायला घेतलेला वेश त्यांच्या शत्रूलाच गळाला लावतो.

तेव्हा लक्षात ठेवा, चाणाक्षाला फसवायचं तर जास्त दाखवायचं नसतं. आणि आपण फसायचं नसेल तर? अर्धवट दिसणारी गोष्ट नीट निरखायची!