व्हीसीआर मिळेल, फितीचे काय?

जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबवले. व्हीएचएस बाजारात येऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. तरीही आज गोव्यातील एखाद्या घरी पेटाऱ्यात लग्नाची किंवा जत्रेतील नाटकाची कॅसेट सापडली, तर ऑनलाइन बाजारातून जुना व्हीसीआर चार दिवसांत दारी येतो. ही सोय मोठीच; पण यंत्र मिळाले म्हणजे चित्र मिळाले, हा समज तिने रुजवला आहे.

नाशिवंत आहे ती फीत. चुंबकीय कणांना धरून ठेवणारा तिचा लेप ओलावा शोषून चिकट होतो आणि आपला पावसाळा तिच्यावर बुरशी चढवतो. अशी फीत उत्साहाने लावली की बुरशी यंत्रात शिरते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. खिडकीतून पांढरे डाग दिसतात का, एवढे तरी आधी पाहावे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने फितींसाठी २०२५ ही अखेरची मुदत २०१५ मध्येच सांगितली होती. ती उलटली. देवळापुढच्या मांडवात हौशी मंडळींनी रंगवलेल्या नाटकांचा एकमेव पुरावा अनेकदा अशी घरगुती कॅसेटच असते. त्यांतील कित्येक नट आज हयात नाहीत. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुरुस्त व्हीसीआर आणि एक जाणता तंत्रज्ञ यांची सोय सरकारने करावी आणि नागरिकांच्या कॅसेटींची डिजिटल प्रत तेथे करून द्यावी. तीही येत्या पावसाळ्यापूर्वी.