न्हाणीघरातील न दिसणारा धूर

थंडी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरांत पाणी तापविण्याच्या साधनाची चर्चा सुरू होते. किंमत किती, सिलिंडर किती दिवस पुरेल, पाणी किती लवकर तापेल, एवढ्यावर निवड उरकली जाते. गॅस गीझर बसवायचा कोठे, हा प्रश्न मात्र बसविणाऱ्या कारागिरावर सोपविला जातो. आणि वस्तुतः जिवाशी गाठ असते ती याच प्रश्नाची.

जुन्या तांब्याच्या बंबाची आठवण येथे उद्बोधक ठरावी. त्याच्या मधल्या नळकांड्यात ढलप्या, गोवऱ्या, कोळसा पडे. तो बहुधा मागील दारी पेटे. धूर कोंडला की डोळे चुरचुरत आणि कोणी तरी दार उघडी. राख रोज काढावीच लागे, त्यामुळे निगा हा वापराचाच भाग होता. अर्थात बंद खोलीत निखारे ठेवून झोपणाऱ्यांचेही बळी गेले आहेत; तेव्हा बंबाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्याचा दोष डोळ्यांना दिसे, हे खरे.

गॅस गीझरच्या पेटीत जळतो तोही जाळच. त्याला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ‘गॅसचा वास तर आला नाही’ या समजुतीवर विसंबणे म्हणूनच घातक आहे. सिलिंडरमधील गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. गॅसबरोबर तोही जळून जातो. गळती नाकाला कळते, ज्वलनातील बिघाड कळत नाही. लहानशा न्हाणीघरात, थंडीमुळे झरोका बंद असताना, प्रथम डोके दुखते, मग गरगरते, आणि कडी काढण्याइतके त्राण हातांत उरत नाही.

हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, असे समर्थन केले जाते. वीज गेली की पंखा थांबतो. सेलवर पेटणारा गीझर मात्र चालूच राहतो! गीझर मोकळ्या हवेच्या गॅलरीत असावा आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ यावा, हाच खात्रीचा मार्ग होय. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली, काजळी धरू लागली, की बर्नर साफ करून घेण्यास विलंब करू नये. रबरी नळी मुदतीत बदलावी. थंडीपूर्वी एकदा जाणत्या माणसाकडून तपासणी व्हावी.

तथापि सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. भाडेकरूला भिंतीला भोक पाडण्याची परवानगी मिळत नाही. अनेक सदनिकांत गॅलरी बंद करून तिची खोली झालेली असते. ज्याच्याकडे तशी जागा नाही त्याने विजेचा गीझर घ्यावा, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावयास हवे. तो गिऱ्हाइकाला जागेविषयी विचारतसुद्धा नाही. गृहनिर्माण संस्था पाण्याच्या टाक्या धुवून घेतात, उद्वाहनाची देखभाल करवितात. त्याच यादीत सभासदांचे आणि भाडेकरूंचे गीझर घालण्यास येत्या वार्षिक सभेत कोणाची हरकत असू नये.