शिक्कामोर्तब आणि तोतये

संगणकीय गुन्हा हा अभियंत्यांचा आणि पोलिसांचा विषय आहे, भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी एक समजूत रूढ आहे. काही गुन्ह्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर निकामी झाले आणि पुढे अनेक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. तो घाला यंत्रावर होता. परंतु गेल्या काही वर्षांत राजधानीच्या परिसरातील घरांत ज्या प्रकाराने धास्ती निर्माण केली, त्यात यंत्र फोडावे लागत नाही. तेथे खचवले जाते ते माणसाचे धैर्य, आणि त्याचे हत्यार आहे भाषा.

या प्रकाराला 'डिजिटल अरेस्ट' असे नाव पडले आहे. 2023 च्या अखेरीस नोएडातील एका अभियंता स्त्रीला दिवसभर मोबाइलच्या पडद्यासमोर खिळवून ठेवून तिच्याकडून 11 लाखांहून अधिक रुपये उकळण्यात आले. त्यानंतरच्या अशा प्रकरणांचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. फोन येतो. आपल्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा आपला आधार क्रमांक गैरव्यवहारात आढळला, असे सांगितले जाते. मग पडद्यावर गणवेशातील 'अधिकारी' प्रकटतो, शिक्क्यानिशी वॉरंट धाडले जाते, कोणाशीही बोलण्यास मनाई होते आणि 'पडताळणी'साठी पैसे भरण्याचा हुकूम सुटतो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 2024 च्या पहिल्या चार महिन्यांतच या मार्गाने 120.30 कोटी रुपये गेले. त्याच वर्षी लुधियानाच्या एका ज्येष्ठ उद्योगपतीपुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी करण्यात आली आणि त्याने 7 कोटी रुपये गमावले. ऑक्टोबर 2025 मध्ये खऱ्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नावाच्या बनावट आदेशांची स्वतःहून दखल घेतली आणि 1 डिसेंबर 2025 रोजी अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद नाही. पडद्यावरून कोणाला अटक करता येत नाही. म्हणजे ज्या शब्दाने माणूस घरातल्या घरात कैदी होतो, त्या शब्दाला कायद्याचा कोणताच आधार नाही. असे असूनही तो खरा वाटतो, कारण ऐकणाऱ्याच्या कानांना सरकारी शब्द असेच ऐकण्याची सवय आहे.

मराठी वाचकाला तोतया नवा नाही. 1761 साली पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक इसम पुढे प्रकट झाला. त्याच्या नावाने बंड उभे राहिले आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्या घटनेवर न. चिं. केळकरांनी नाटकही लिहिले. आजच्या कायद्यातही तो शब्द जिवंत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 66 ड खाली संगणकीय साधनांनी तोतयेगिरी करून ठकवणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. फरक एवढाच, की जुना तोतया एका माणसाचे सोंग घेत असे, नवा तोतया एका कचेरीचे सोंग घेतो. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली माणसे पुण्यात होती, म्हणून सोंग उघडे पाडता आले. कचेरीला मात्र जवळून कोणी ओळखत नाही. तिची ओळख पटते ती कागदावरच्या शिक्क्याने, कलमांच्या आकड्यांनी आणि न समजणाऱ्या वाक्यांनी. या तिन्ही गोष्टींची नक्कल करणे सोपे आहे.

यावर असा आक्षेप येईल, की ठकवले गेलेले पुष्कळ लोक सुशिक्षित आहेत. डॉक्टर, अभियंते, निवृत्त अधिकारी यांना इंग्रजी येत नाही असे थोडेच आहे? आक्षेप योग्य आहे, पण तो मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. येथे प्रश्न इंग्रजी येण्या न येण्याचा नाही. कचेरीची भाषा एकतर्फी असते. ती उत्तर मागते, पण प्रतिप्रश्न सहसा सहन करीत नाही. विद्वानही आयुष्यभर अशा कागदांवर न वाचता सही करीत आलेला असतो. ज्याला खरे पत्र कधी समजले नाही, त्याला खोटे पत्र ओळखू येईल कसे? राज्याने दुर्बोधतेची सवय लावली आणि ठकाने तिचे पीक कापले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शिवकाळातील पत्रांच्या अखेरीस मजकूर येथे संपला हे दाखवणारी लहान मुद्रा उमटवीत. त्यापुढे कोणाला ओळ वाढवता येऊ नये, हा तिचा हेतू. तीच मोर्तब. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज केवळ संमती या अर्थाने वापरतो, परंतु त्यामागे वाचणाऱ्याला विश्वासार्हता तपासता यावी हा विचार होता. आजच्या सरकारी व बँकेच्या संदेशांतून हाच विचार हरवलेला दिसतो.

तो परत आणण्याची एक संधी कायद्याने दिली आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार, आपली माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना व संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळावयाचा आहे. संमतीची भाषा स्पष्ट व सोपी असावी, असेही कायदाच सांगतो. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले.

परंतु बावीस भाषांत हे लिहिणार कोण? मराठीपुरते पाहिले तरी अडचण पहिल्याच शब्दापाशी सुरू होते. 'गोपनीयता' म्हणावे, तर मंत्रीही पदाची व गोपनीयतेचीच शपथ घेतो. राज्याचे गुपित आणि नागरिकाचा एकांत एकाच शब्दात कोंबले जातात. 'खासगी' म्हणावे, तर पूर्वी संस्थानिकाच्या स्वतःच्या मिळकतीचा कारभार म्हणजे खासगी. तेव्हा ती राजाला होती, रयतेला नव्हती. ज्या हक्काला भाषेत अजून स्वतःचे घर नाही, त्याची राखण नागरिकाने कशी करावी?

हे काम केवळ यंत्रानुवादावर किंवा कार्यालयीन कोशांवर सोडले, तर बावीस नव्या दुर्बोध भाषा तयार होतील आणि तोतयांना बावीस नवी सोंगे मिळतील. भारतीय साहित्याच्या विद्यापीठीय विभागांनी अनुवाद हा आजवर बहुतेक करून काव्य आणि कादंबरीपुरता मानला. बँकेची एक सूचना म्हातारीला कळेल अशा मराठीत, मैथिलीत किंवा संताळीत उतरवणे हेही तितकेच कठीण, आणि आज अधिक निकडीचे काम आहे. समजलेल्या भाषेत आलेल्या हुकमाला माणूस 'का?' असे विचारू शकतो. आणि तोतयाजवळ नसते ते नेमके याच प्रश्नाचे उत्तर.