कवीच्या आधी गाईड

दहावीच्या मुलाला मराठी कविता प्रथम भेटते ती गाईडमध्ये, भावार्थासह. कवितेचा गळा घोटण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. आणि हे घडते ते परळ-लालबागमध्ये! नारायण सुर्वे याच गिरणगावात वाढले. एका गिरणी कामगाराने उचलून घेतलेले ते पोर पालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 'माझे विद्यापीठ' (१९६६) त्यांनी जगून लिहिले. आपण त्याचे पाच गुणांचे उत्तर केले.

शिक्षकहो, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलसमोर मुलांना न्या आणि सुर्व्यांची एक कविता मोठ्याने वाचा. प्रश्न नंतर. घरी जाऊन आजोबांना १९८२ च्या संपाविषयी विचारायला सांगा. मग जयंत पवारांचे 'अधांतर' भूमिका वाटून वर्गात वाचा. संपानंतर विस्कटलेले ते घर मुले लगेच ओळखतील.

"फादर, मार्क जातील," असे पालक म्हणतात. ज्याला स्वतःचे काही सांगायचे आहे, त्याला रसग्रहण पाठ करावे लागत नाही. शाळेला वेळ नसेल तर आमचे सभागृह रविवारी मिस्सेनंतर रिकामेच असते. किल्ली माझ्याजवळ आहे.