कॅमेऱ्याला ऊन लागतं तेव्हा

एप्रिल संपत आला की विदर्भातून एक तक्रार हमखास येते. गच्चीवर सौर पॅनेलचा कॅमेरा बसवलाय, ऊन तर असं की कठड्याला हात लावायची सोय नाही, आणि ॲप सांगतंय की दुपारभर चार्जिंग बंद. दुकानदार म्हणतो, पॅनेल लहान पडतंय, मोठं घ्या. मोठं पॅनेल येतं. दुपारी चार्जिंग बंद ते बंदच.

त्या वेळी कॅमेऱ्याचं काहीही बिघडलेलं नसतं. उलट तो शहाण्यासारखा वागत असतो. बॅटरीवर चालणाऱ्या या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन सेल असतात, बहुतेकदा 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघायचे तसे. हा सेल 0 ते 45 अंश सेल्सिअस या पट्ट्यातच चार्ज करायचा असतो. त्याच्या बाहेर केला तर त्याचं आयुष्य तरी घटतं, नाहीतर तो धोक्याचा होतो. म्हणून आत तापमान मोजणारा एक बारीकसा घटक बसवलेला असतो आणि हद्द ओलांडली की तो चार्जिंग तोडतो. वीज देण्याची मर्यादा मात्र साधारण 60 अंशांपर्यंत असते. त्यामुळे गंमत अशी होते की कॅमेरा चालू राहतो, चित्र दिसतं, फक्त चार्ज होत नाही. आणि माणूस पॅनेलला शिव्या देत बसतो.

चंद्रपूर-नागपुराकडे हवेचंच तापमान 45 च्या वर जातं. पश्चिमेच्या भिंतीवर, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, दुपारी तीन वाजता काय होत असेल त्याचा अंदाज करा. (2024 च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्यानं ते उपकरण बिघडल्याचं सांगितलं. ऊन यंत्रांनाही लागतं.) अमेरिकेत किंवा कॅनडात मुलाकडे गेलेल्या मंडळींची तक्रार जानेवारीत नेमकी उलट असते: शून्याखाली चार्जिंग बंद. कारण तेच. थंडीची सूचना बहुतेक माहितीपुस्तिकांत ठळक सापडते. आपल्या मे महिन्याची मात्र भिंगानं शोधावी लागते.

उपाय फुकटचा आहे. पॅनेल उन्हात ठेवा आणि कॅमेरा सावलीत. वायर त्यासाठीच दिलेली असते, पण बसवणारा दोन्ही एकाच पट्टीवर ठोकून मोकळा होतो. कॅमेरा पागोळीखाली, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर घ्या. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून थोडं तिरपं लावा. सकाळी सात ते अकराच्या उन्हातसुद्धा बऱ्यापैकी चार्जिंग होतं, तेवढ्या वेळात त्यावर टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली येऊ देऊ नका. पॅनेलमधल्या चकत्या एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावरची सावली सगळ्या पॅनेलची वीज पाडते.

हे झालं उन्हाचं. बाकीच्या तक्रारींसाठी माझा सल्ला एकच असतो, आणि तो लोकांना आवडत नाही, कारण त्यात शिडी लावावी लागते. कॅमेरा खाली उतरवा, घरात आणा, आणि डब्यातून आलेल्या आखूड केबलनं भिंतीवरच्या साध्या 5 व्होल्टच्या अडॅप्टरला रात्रभर लावा. सकाळी बॅटरी भरलेली असेल तर कॅमेरा ठणठणीत आहे; दोष वर आहे, पॅनेलमध्ये, वायरमध्ये किंवा जागेत. नसेल भरली, तर केबल, अडॅप्टर आणि पिन हे पहिले संशयित, आणि ते निर्दोष निघाले तर खुद्द बॅटरी. टीव्हीच्या मागच्या यूएसबीला लावून ही परीक्षा करू नका. तिथून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो, आणि 10,000 एमएएचची बॅटरी त्यावर भरायला सहज 24 तास जातात.

केबलचा एक प्रकार तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नव्या मोबाइलच्या चार्जरला दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लागते. ती कॅमेऱ्याला लावली की दिवाही लागत नाही. मग कॅमेरा मेला असं समजून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. असा चार्जर समोरच्या यंत्राची ओळख पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ओळख पटवायला यंत्राच्या सॉकेटमागे 5.1 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त कॅमेऱ्यांत पैसा-दोन पैसा वाचवायला तेच गाळलेले असतात. जुन्या रुंद चौकोनी यूएसबीच्या अडॅप्टरला ही भानगड नाही, तिथे 5 व्होल्ट कायम हजर. म्हणून जुना अडॅप्टर भंगारात देऊ नका.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी कॅमेरा फाटकावर आणि पॅनेल गच्चीवर लावलंय. मधे बाजारातून आणलेली पाच मीटरची वायर. "पॅनेलच खराब आलंय हो, वॉरंटीत बदलून घेतो," असं ते म्हणत होते. मी यूएसबीचा छोटा मीटर नेला. तो काही शे रुपयांना मिळतो आणि व्होल्ट, अँपिअर दोन्ही दाखवतो. पॅनेलच्या टोकाला 5 व्होल्ट, आणि खाली कॅमेऱ्याच्या टोकाला जेमतेम 4. वायर सोलून पाहिली तर आत केसासारखी तार. 28 गेजची तार असेल तर पाच मीटर जाऊन-येऊन दोन ओहमच्या वर रोध होतो. अर्धा अँपिअर वाहिला की एक व्होल्ट वाटेतच गडप. सेल पूर्ण भरायला 4.2 व्होल्ट लागतात. 4 व्होल्टमध्ये तो भरणार कसा? मास्तरांनी जाड तारेची वायर आणली आणि प्रश्न मिटला. पॅनेल बदलून आलं असतं तरी तक्रार जशीच्या तशी राहिली असती.

गावाकडच्या बंद घरातला कॅमेरा महिनोन्‌महिने पडून राहिला, की आणखी एक घोळ होतो. सेल 3 व्होल्टच्या खाली उतरलेला असतो आणि चार्जरला लावला तरी कॅमेरा ढिम्म. इतक्या खाली गेलेल्या सेलला आतली चिप आधी अगदी बारीक धारेनं वीज देते, नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्यानं. तास-दोन तास त्याला हात लावू नका. दर पाच मिनिटांनी बटण दाबून पाहण्यानं तो उठत नाही, जमवलेली वीज तेवढी जाते.

कोकणात आणि गोव्यात दोष बहुतेकदा पिनेत सापडतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण एकदा उघडलं की पुन्हा अंगठ्यानं दाबून बसवायचं असतं, ते कुणी बसवत नाही. खारी हवा आत जाते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. कॅमेरा बंद करून, जुन्या टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो थर उतरतो. ओल्या पिनेत केबल घालू नका. आधी पूर्ण वाळू द्या.

आता सगळ्यात मोठी तक्रार. चार्जिंग व्यवस्थित होतं, पण बॅटरी टिकत नाही. खोक्यावर सहा महिने लिहिलेलं आणि इथे तीन आठवड्यांत लाल दिवा. इथे थोडा हिशेब करू. 5,200 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॅट-तास. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला 0.1 वॅट-तासाच्या आसपास येतात. जागा झालेला कॅमेरा, वाय-फाय आणि रात्रीचे इन्फ्रारेड दिवे धरून, वॅट-दीड वॅट खातो. म्हणजे सहा महिने टिकायचं तर त्यानं दिवसातून पाचेक मिनिटंच जागं राहायचं! झोपेतला खर्च मी धरलेलाच नाही. तुमचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून असेल तर पाच मिनिटं सकाळच्या दूधवाल्या-पेपरवाल्यांतच संपतात. पुढे दिवसभर रिक्षा, कुत्री आणि नातवाला मोबाइलवर अंगण दाखवणारे आजोबा आहेतच.

तेव्हा पॅनेल वाढवण्याआधी खर्च कमी करा. हालचाल टिपण्याचा भाग फाटकापुरता आखून घ्या, कॅमेरा थोडा खाली वळवा, राउटर जवळ आणा. सिग्नल क्षीण असेल तर कॅमेरा एकच चित्र पाठवायला जास्त वेळ जागा राहतो. शेतातल्या 4जी सिमच्या कॅमेऱ्यांना हा मार तर फारच बसतो. पावसाळ्याचा विचारही आत्ताच करा. 3 वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सहा-सात वॅट-तास पदरात टाकतं, पण आषाढातल्या भरून आलेल्या दिवसांत त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी नशीब. जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरा खाली घेऊन घरात पूर्ण भरून ठेवा.

कॅमेऱ्याचा डबा फुगलेला दिसला, झाकण उचललं गेलं असेल, तर वरचं सगळं विसरा. तो चार्ज करू नका, उघडू नका, कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. कंपनीला फोन करून बॅटरी परत घ्यायला हक्कानं सांगा.

आणि नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे. दहा फुटांवर प्लग असेल तर बॅटरीच्या वाटेला जाऊ नका; वायरचा कॅमेरा घ्या आणि वीज जाते म्हणून राउटरचा छोटा यूपीएस जोडा. बॅटरीचा कॅमेरा शेतासाठी, कांद्याच्या चाळीसाठी, बांधकामाच्या जागेसाठी. विकणाऱ्यांना एवढीच विनंती की खोक्यावर 'सहा महिने' खुशाल छापा, पण दिवसाला किती मिनिटं धरून आणि किती अंशांपर्यंत चार्जिंग होतं, हेही शेजारी छापा. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि मराठीत.