जुन्या विलायती मोटारी आणि आपला हुनर

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या आयातीचा नियम सैल केला. त्यापूर्वी १ जानेवारी १९५० च्या आधी तयार झालेलीच गाडी परवान्याशिवाय मागविता येत असे. आता पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी व तिचे सुटे भाग परवान्याशिवाय येऊ शकतात, आणि ही रेघ दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. पन्नास-साठच्या दशकांतील जॅग्वार, मर्सिडीज, शेव्हरोले यांना त्यामुळे दार उघडले आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे जाणकार नव्हे. तरीही यावर लिहितो, कारण ज्यांच्या हाती या गाड्यांचे काम जाईल त्यांत आपले कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत.

आधी हिशेब पाहू. परवाना नको याचा अर्थ ड्युटी नको असा नाही. ड्युटी आणि कर मिळून रक्कम गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जाते. जहाजाचे भाडे, विमा, क्लिअरिंग एजंट हे वेगळेच. मग नोंदणी. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन पैसे वसूल करू, असा ज्यांचा मनसुबा असेल त्यांनी तो सोडून द्यावा. चासिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, हीही अट आहे. जुन्या गाडीत अँबेसिडरचे इंजिन बसवून मोकळे होण्याची आपल्याकडची सवय इथे चालणार नाही.

खरेदीचाही प्रश्न आहे. परदेशी लिलावात गाडी ‘जशी आहे तशी’ विकतात. आपण फोटो पाहून बोली लावतो. आपल्या फिकहमध्ये न पाहता घेतलेल्या मालाचा विचार फार पूर्वी झाला आहे. हनफी मसलकात खरेदीदाराला माल पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क असतो, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. कोकणातले आपले शाफई बंधू तर अशा सौद्याबाबत आणखी कडक आहेत. लिलाववाला हा हक्क देणार नाही. तेव्हा तिथला एखादा नातेवाईक किंवा मेकॅनिक गाडीखाली शिरून चासिस नंबर वाचत नाही, गंज टोकरून पाहत नाही, तोवर पैसे पाठवू नयेत. आणि व्याजी कर्ज काढून शौक करणाऱ्याला आम्ही काय सांगावे!

आमच्या मते या धंद्यातली खरी कमाई गाडी आणण्यात नाही, ती गाडी उभी करण्यात आहे. १९३० च्या सुमाराची रोल्स-रॉईस घ्या. कंपनी फक्त चासिस व इंजिन विकत असे. बॉडी हूपर, बार्कर यांसारखे कोचबिल्डर बांधत. आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, वर हाताने ठोकलेला पत्रा. बंद गाडीत पुढे ड्रायव्हरला चामड्याची सीट आणि मागे मालकाला लोकरी कापडाची, अशीही रीत होती. म्हणजे सुतार, पत्रा ठोकणारा, प्लेटिंगवाला, सीट शिवणारा यांच्यावाचून ही गाडी हलत नाही. कुर्ल्याच्या गॅरेजांत, नागपाड्याच्या गल्ल्यांत असे हात आजही सापडतात. त्यांना नेमकी माहिती मात्र हवी. १९२५ च्या गाडीवर चकचकीत क्रोम चढविले की जाणकार गिऱ्हाईक तोंड फिरवते, कारण विसाच्या दशकाच्या शेवटापर्यंत या गाड्यांवर निकेल असे. सीटचे कापड, हूडचे कापड, टाक्याची जाडी यांतही असेच बारकावे आहेत. जुन्या कापडाचा कपटा फेकू नये. वीण व सूत मोजून तसेच विणून घेता येते.

हा हुनर कोणत्या भावाने विकला जाणार, याची आम्हांस जास्त काळजी वाटते. मालेगाव आणि भिवंडीत काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, लूमवाल्याच्या हाती मीटरमागे मजुरी. त्या मजुरीतून वीजबिल आणि कामगारांचा पगार भागवायचा. भाव कोसळला की आधी मजुरी कापली जाते. आम्ही स्वतः व्यापाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून हे ठासून सांगतो. मोटारीच्या कामातही शेठ गाडी आणील, गॅरेजमालक करार करील आणि तीन महिने पत्रा ठोकणारा उस्ताद रोजावर राहील. रॅलीत बक्षीस गाडीला मिळेल, उस्तादाचे नाव कोणी विचारणार नाही. मग त्याचा मुलगा हे काम शिकेल कशाला? मोबाईलचे दुकान टाकील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यावर उपाय कागदाचा आहे. काम घेण्याआधी गाडीचे फोटो, काम चालू असतानाचे फोटो, कोणता भाग मूळचा ठेवला, कोणता नवा घातला, कोणी घातला, हे सारे एका फाईलीत असावे. परदेशी खरेदीदार अशा फाईलीला किंमत देतो. त्या फाईलीत उस्तादाचे नाव असले तर पुढचे गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे येईल. गंजावर पुट्टी भरून रंग मारणाऱ्याला ही फाईल नकोच असते. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे; पुट्टीखालचा गंज त्याहून वेगळा नाही.

एवढे भांडवल नसणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. गाडी इथे आणण्याची गरजच नाही. आखातात व इंग्लंडात जुन्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत आणि तिथली हातमजुरी महाग आहे. त्यांनी सीटचे जुने कव्हर किंवा कागदी फर्मा पाठवावा, आपण चामडे वा कापड दाखवून मंजूर करून घ्यावे आणि शिवलेला सेट पार्सलने रवाना करावा. दोन शिलाई मशीन आणि एक जाणता उस्ताद असला की सुरुवात होते. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उस्तादाचा वाटा मीटरवर न ठरविता सेटच्या किमतीवर ठरवावा.